मद्यपी बंधूनें सभेस जावें काय?

भिवंडी तालुक्यांतील दापोडे या गांवीं गेल्या वर्षीं एका घरीं प्रार्थनेसाठीं कांहीं कुटुंबें जमलीं असतां एका भगिनीनें आम्हांस एक प्रश्न विचारिला. त्याचें उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं. तेव्हांपासून आम्ही त्याचा विचार करीत आहों, आणि जें कांहीं उमगलें तें आज खेडोपाडींच्या बंधुभगिनींपुढें, विशेषेंकरून आमच्या उपदेशक बंधूंपुढें, ठेवीत आहों.

दापोडे आतां पूर्वींचें राहिलें नाहीं. जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें मोठमोठीं गोदामें उभीं आहेत. मालाच्या गाड्या रात्रंदिवस येतात जातात, आणि दूरदूरचे मजूर हमालीसाठीं तेथें येऊन राहतात. त्या भगिनीचा नवरा अशाच एका गोदामांत ओझीं वाहतो. शरीरानें धट्टाकट्टा, स्वभावानें प्रेमळ, मुलांवर जीव टाकणारा. परंतु मजुरी हातीं पडली कीं त्याचे पाय घराकडे न वळतां गुत्त्याकडे वळत. त्यानें तीन वेळां मंडळीसमक्ष उभें राहून दारू सोडण्याची शपथ घेतली होती, आणि तिन्ही वेळां ती मोडली होती. तिसऱ्या वेळेनंतर तो उपासनेस येईनासा झाला.

ती भगिनी म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या भावानें सांगितलें कीं ठाण्याच्या बाजूला दारू सोडलेल्या माणसांची सभा भरते. तेथें ते आपली हकीगत एकमेकांस सांगतात म्हणे. ह्यांना तिकडे न्यावें असें मनांत येतें. पण देवावरचा भरवसा सोडून परक्याच्या दारांत गेलें, असें तर होणार नाहीं ना?" तिचें बोलणें संपतें न संपतें तोंच मंडळीचे एक वडील म्हणाले, "ख्रिस्ताची मंडळी असतां दुसरी सभा कशाला? मनापासून पश्चात्ताप झाला असता तर ही वेळच आली नसती." खोलींत कोणी कांहीं बोलेना. ती बाई पदर सांवरून खालीं पाहत राहिली. आम्हीं प्रार्थना करून वेळ मारून नेली.

वडिलांचें म्हणणें कठोर असलें तरी पोकळ नव्हतें. त्यांत एक खरा प्रश्न दडलेला आहे. मद्यपान हें पाप असेल तर त्यास पश्चात्तापावांचून दुसरा उपाय नाहीं. आणि तो रोग असेल तर मग त्या माणसास दोष तरी कां द्यावा? पुष्कळ लोक या दोहोंपैकीं एक बाजू धरून बसतात. एक म्हणतो, "हें पाप आहे, त्याला लाज वाटेल असें करा." दुसरा म्हणतो, "हा रोग आहे, तो बिचारा काय करणार?" पहिला त्या माणसास चिरडतो, दुसरा त्यास मोकळा सोडतो, आणि दोघांच्याही हातून तो गुत्त्यांतच जातो.

आम्हांस वाटतें कीं भाताच्या बांधाकडे पाहिलें तर ही गोष्ट उलगडते. बांधाला खेकडा बीळ पाडतो. धन्यानें तें वेळींच बुजविलें नाहीं, हा त्याचा आळस, हा त्याचा दोष. तो नाकारतां येत नाहीं. परंतु श्रावणांतल्या रात्रीं पाण्यानें तें बीळ फाडून बांधास खिंडार पाडलें, तर त्या वेळीं धन्यास त्याचा आळस सांगत उभें राहून पाणी थांबत नाहीं. त्यालाही तें एकट्यानें थांबवितां येत नाहीं. तो एका हातानें माती लोटतो आणि दुसऱ्या बाजूनें ती वाहून जाते. तेथें चार माणसें लागतात. दोष त्याचा होता हें जितकें खरें, तितकेंच त्याला मदत पाहिजे हेंही खरें. आतां त्याचें कर्तव्य एवढेंच उरतें कीं लाज न धरतां हांक मारावी. हांक मारणें त्याच्या हातीं आहे, म्हणून तो जबाबदारींतून सुटला नाहीं. आणि खिंडार एकट्यानें बुजविणें त्याच्या हातीं नाहीं, म्हणून त्यास तेवढ्यासाठीं दूषण देणें अन्यायाचें आहे.

वैद्यकशास्त्रही हेंच सांगतें. अमेरिकेंतील वैद्यांच्या मुख्य संस्थेनें १९५६ सालीं मद्यासक्ति हा उपचारास पात्र असा आजार मानला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादींतही मद्यावलंबनाची गणना होते. पुष्कळ दिवस पिण्यानें मेंदूचें वळणच बदलतें. ज्या इच्छाशक्तीनें दारू सोडावयाची तिलाच इजा झालेली असते. करूं नये म्हणतां तेंच हातून घडतें, अशी जी तळमळ प्रेषित पौलानें रोमकरांस पत्र लिहितांना सातव्या अध्यायांत उघड केली आहे, ती अशा माणसास समजावून सांगावी लागत नाहीं.

यापासून उपदेशकांनीं एक सावधगिरी शिकली पाहिजे. जो मनुष्य वर्षानुवर्षें रोज भरपूर पीत आला, त्यास "आजपासून थेंबही घेऊं नको" असें सांगून घरीं कोंडून ठेवणें धोक्याचें आहे. एकाएकीं दारू बंद झाली कीं हातपाय कांपतात, घाम सुटतो, झोप उडते. कोणास फेफऱ्यासारखे झटके येतात. आणि दोन-तीन दिवसांनीं भ्रम होऊन नसतीं माणसें व नसते प्राणी दिसूं लागतात. उपचार न झाल्यास प्राणावरही बेततें. खेड्यांत यास भूतबाधा समजतात. ही भूतबाधा नव्हे. अशा माणसास तत्काळ सरकारी रुग्णालयांत न्यावें. कांहीं दिवस औषधें व ब-१ जीवनसत्त्व देऊन वैद्य त्यास या घाटांतून सुखरूप पार करतात. प्रार्थना अवश्य करावी. परंतु ती गाडींत बसून, रुग्णालयाच्या वाटेवर करावी.

शरीरांतून दारू गेली म्हणजे काम झालें, असेंही नाहीं. खरें काम तेथूनच सुरू होतें. शपथ, कायदा आणि उपदेश हे तीन उपाय आम्हां सर्वांच्या परिचयाचे आहेत. ते व्यर्थ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळांत अमेरिकेंत होत्या, आणि तेथील स्त्रियांनीं चालविलेल्या मद्यपाननिषेधक चळवळीची हकीगत त्यांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासाच्या ग्रंथांत मोठ्या आदरानें दिली. आमच्या प्रांतांत मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालीं झाला. पुढें तो सैल करण्यांत आला. कायदा दुकानाचें दार लावूं शकतो. तहानेला दार लावूं शकत नाहीं. ज्याला राहवत नाहीं तो चोरून मिळेल तें पितो. २०१५ सालच्या जून महिन्यांत मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक मजुरी करणारीं होतीं.

शपथेची गोष्ट याहून विचार करण्याजोगी आहे. १८४० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत सहा पिणाऱ्या माणसांनीं एकत्र येऊन दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली, आणि आपल्यासारख्या इतरांस ते आपली हकीगत सांगूं लागले. थोड्याच वर्षांत लक्षावधि लोकांनीं ती प्रतिज्ञा घेतली. परंतु दहा वर्षें होण्यापूर्वींच ती चळवळ जवळजवळ नाहींशी झाली. कायदा, राजकारण व त्या काळचे इतर वाद तींत शिरले. मोठमोठ्या मिरवणुका व भाषणें झालीं. आणि ज्या एका गोष्टीनें ती उभी राहिली होती, म्हणजे एका पडलेल्या माणसानें दुसऱ्या पडलेल्याशेजारीं बसणें, ती मागें पडली. शपथ जन्मभराची असते, आणि ती मोडल्यावर पुन्हां तोंड दाखविण्यास जागा नसते. म्हणून शपथ मोडणारा दारू सोडण्याऐवजीं मंडळीच सोडतो. आमच्या दापोड्याच्या बंधूचें असेंच झालें.

आतां त्या सभेची उत्पत्ति ऐका. १९३५ सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचे विल्यम विल्सन नांवाचे शेअरबाजारांतील एक गृहस्थ कामासाठीं ॲक्रन या गांवीं गेले होते. त्यांनीं पांच महिन्यांपूर्वीं दारू सोडली होती. काम फसलें, परगांव, एकटेपणा, आणि उतरलेल्या हॉटेलांत एका बाजूस मद्यगृहाची वर्दळ. आपण आतां पिणार, अशी त्यांस भीति वाटली. तेथेंच दुसऱ्या बाजूस गांवांतील मंडळ्यांची यादी लाविलेली होती. तींतून एका पाळकाचें नांव काढून त्यांनीं त्यास टेलिफोन केला, आणि आपणांस दुसऱ्या एखाद्या मद्यप्याशीं बोलावयाचें आहे असें सांगितलें. त्या पाळकानें कांहीं माणसांचीं नांवें दिलीं. त्यांतून शोध लागत लागत दुसऱ्या दिवशीं त्यांची डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याशीं गांठ पडली. डॉक्टरांची दारूही कोणत्याच उपायानें सुटत नव्हती. पंधरा मिनिटेंच बसूं, असें ठरवून आलेले डॉक्टर रात्रीं उशिरापर्यंत बोलत बसले. कारण समोरचा मनुष्य त्यांस बोध करीत नव्हता, तो आपली स्वतःची गोष्ट सांगत होता. डॉक्टर त्यानंतर एकदां पुन्हां पडले. त्यांनीं शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजीं. तोच दिवस "अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस", म्हणजे अनामिक मद्यासक्तांची बंधुता, हिचा स्थापनादिन मानतात. तिचा मुख्य ग्रंथ १९३९ सालीं निघाला. आमच्या देशांत ही बंधुता १९५७ सालीं मुंबईस सुरू झाली.

उपदेशक बंधूंनो, या हकीगतींत त्या पाळकानें काय केलें तें पाहा. त्यानें प्रवचन केलें नाहीं. शपथ घालविली नाहीं. "आधीं माझ्या मंडळींत या" असेंही म्हटलें नाहीं. त्यानें नांवें दिलीं. एवढ्याशा कामावर केवढें काम उभें राहिलें! आणि विल्सन यांचें वर्तनही लक्षांत घेण्याजोगें आहे. ते डॉक्टरांचा उद्धार करावयास गेले नव्हते. स्वतः पिऊं नये म्हणून गेले होते. आजवर दान म्हटलें कीं देणारा वर आणि घेणारा खालीं, अशी आमची समजूत. येथें देणाऱ्यास देण्याची गरज घेणाऱ्याइतकीच होती. म्हणून घेणाऱ्यास मान खालीं घालावी लागली नाहीं. आम्ही उपदेशपीठावर उभे राहतों. तो मनुष्य शेजारच्या खुर्चीवर बसला. दोन्ही कामें देवाचींच असतील. परंतु खिंडारांत उतरावयाचें असतां शेजारीं उतरणाराच उपयोगी पडतो.

ही बंधुता परधर्माची नव्हे काय, असें वडिलांनीं विचारलें होतें. तिचे पहिले सभासद ज्या ऑक्सफर्ड गटांतून आले तो फ्रँक बुकमन या ल्यूथरन पाळकानें काढिलेला होता. आणि ॲक्रन येथील पहिल्या मंडळींस याकोबाचें पत्र विशेष प्रिय होतें. त्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत आपलीं पातकें एकमेकांपाशीं कबूल करावीं, असें सांगितलें आहे तें सर्वांस ठाऊकच आहे. तथापि आज ती बंधुता कोणत्याही एका धर्माची नाहीं. आपणांहून मोठ्या अशा शक्तीचा आधार घ्यावा, असें ती म्हणते, आणि त्या शक्तीस कोणत्या नांवानें हांक मारावी हें ज्याचें त्यानें ठरवावें म्हणते. एकाच बाकावर हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती बसतात. यास्तव ती मंडळीची जागा घेऊं शकत नाहीं, आणि घेतें असें म्हणतही नाहीं. परंतु मोडलेलें हाड बसविणाऱ्यास आम्ही "तुझा धर्म कोणता" असें विचारीत नाहीं. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यांतील जखमी मनुष्य मंदिरांत नेण्यांत आला नाहीं, तर उतारशाळेंत. आणि तेथें तो बरा होऊं लागला, यानें मंदिराचा अपमान झाला नाहीं. अपमान झाला तो वाट सोडून पलीकडून जाणाऱ्यांचा.

येथें आम्हांस आपला एक अपराध कबूल करणें भाग आहे. तो बंधु दुसऱ्यांदां पडला तेव्हां रात्रीं आमच्याकडे येऊन रडला होता, आणि मुलीच्या शाळेसाठीं ठेवलेले पैसे आपण कसे उडविले तें त्यानें आम्हांस सांगितलें होतें. पुढल्या रविवारीं आम्हीं मद्यपानाविषयीं बोध केला, आणि मुलीच्या शाळेचे पैसे पिऊन टाकणाऱ्या एका बापाचा दाखला दिला. नांव घेतलें नाहीं खरें; परंतु चाळीस माणसांच्या मंडळींत नांव घ्यावें लागत नाहीं. माना एकाच बाजूस वळल्या. त्याची मुलगीही तेथें बसली होती. आमचा हेतु चांगला होता, असें आम्ही बरेच दिवस मनास समजावीत होतों. आज कळतें कीं जी जखम त्यानें विश्वासानें आमच्यापुढें उघडी केली, ती आम्हीं सर्वांस दाखविली. त्यानंतर तो आमच्याशीं खरें बोलला नाहीं. तिसरी शपथ त्यानें घेतली ती केवळ आमच्या समाधानासाठीं.

म्हणून "मंडळी असतां दुसरी सभा कशाला?" या प्रश्नास आमचें पहिलें उत्तर हेंच कीं, मंडळींत कबुली सुरक्षित असती तर हा प्रश्न कदाचित् निघालाच नसता. त्या सभेंत नांवनिशी लिहून घेत नाहींत. केवळ पहिलें नांव पुरतें. तेथें जें ऐकलें तें तेथेंच ठेवून उठावयाचें, असा त्यांचा नियम आहे. खेड्यांतल्या माणसास हा नियम औषधाइतकाच मोलाचा आहे. कारण त्याची दारू सर्वांस माहीत असते, परंतु त्याचें दुःख कोणास सांगण्याची सोय नसते.

आतां कित्येक विचारतील कीं यानें खरोखर गुण येतो काय. २०२० सालीं कोक्रेन या वैद्यकीय संस्थेनें २७ अभ्यास एकत्र करून १०,५६५ माणसांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसलें कीं, ज्या उपचारांत रोग्यास पद्धतशीर रीतीनें अशा सभांकडे वळविलें जातें, त्यांत एक वर्षानंतर शेंकडा ४२ माणसें दारूपासून पूर्णपणें दूर होतीं. इतर मान्य उपचारांत हें प्रमाण शेंकडा ३५ होतें. यांत चमत्कार नाहीं. शंभरांतील अर्ध्याहून अधिक माणसें मध्यंतरीं पुन्हां प्यालीं, हेंही त्याच आंकड्यांत लिहिलेलें आहे. पण ज्या घरांत आजवर शंभरांपैकीं शंभर रात्री भीतींत गेल्या, त्या घरास बेचाळीस हा लहान आंकडा वाटणार नाहीं.

सभा शोधावी कशी व तेथें जावें कसें, हेंही सांगितलें पाहिजे. कारण पुष्कळांचें पाऊल अज्ञानानेंच अडतें. भारत सरकारच्या सामाजिक न्याय खात्याचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीं मोफत टेलिफोन आहे. मनाच्या आजारासाठीं १४४१६ हा दुसरा. सरकारी रुग्णालयांतील मानसोपचार विभागांतही सभांचा ठावठिकाणा विचारावा. मुंबई व ठाणें या बाजूस मराठी, हिंदी व इंग्रजी भाषांत चालणाऱ्या सभा आहेत. आणि आतां मोबाईलवरही सभा भरतात, त्यामुळें दूरच्या पाड्यावरील मनुष्यासही वाट आहे. सभा दोन प्रकारच्या असतात. खुल्या सभेस कोणीही जावें. बंद सभेस ज्याला स्वतःची दारू सोडावयाची आहे त्यानेंच जावें. फी नाहीं, अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. जमलेल्या सभासदांनीं खुशीनें टाकलेल्या पैशांतून चहा व जागेचें भाडें निघतें. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहींत. म्हणून कोणा मंडळीनें त्यांस आपली खोली देऊं केली, तर ते भाडें देऊं म्हणतील. तें घ्यावें, रुसूं नये.

पहिल्या दिवशीं बोललेंच पाहिजे असें नाहीं. मागें बसून ऐकलें तरी चालतें. एक सभा मनास लागली नाहीं तर दुसरीकडे जावें. एका विहिरीचें पाणी मचूळ लागलें म्हणून कोणी तहानलेला राहत नाहीं. तेथें जन्माची शपथ घेत नाहींत. आजचा दिवस प्यावयाचें नाहीं, एवढेंच ठरवितात. नवख्या माणसास एखादा जुना सभासद आपला सोबती म्हणून मिळतो. रात्रीं बारा वाजतां तहान उठली तर त्यास टेलिफोन करतां येतो. पडला तरी परत येतां येतें, आणि परत आलेल्यास कोणी "किती वेळां?" असें विचारीत नाहीं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीं निराळ्या सभा आहेत. "अल-अनॉन" ही त्यांपैकीं एक १९५१ सालीं निघाली. ज्यांस राहून उपचार घेण्याची गरज आहे त्यांच्यासाठीं पुण्याचें मुक्तांगण आहे, डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनीं तें १९८६ सालीं पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साह्यानें सुरू केलें, आणि तेथें पत्नींसाठींही सहचरी नांवाचा गट चालतो. नवरा प्याला म्हणजे बायकोची नाडी चुकत असली पाहिजे, असें समजणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. तिलाही आपली गोष्ट सांगण्यास जागा पाहिजे.

मंडळीनें काय करावें? ज्या संध्याकाळीं तो सभेस जातो त्या संध्याकाळीं बसभाड्याची व घरच्या कामाची सोय पाहावी. आमच्या लग्नांत व हळदींत पाहुण्यांस दारू दिली नाहीं म्हणून नाक मुरडूं नये. प्रभुभोजनांत आंबलेला द्राक्षारस ठेवूं नये; न आंबलेला रस मंडळीच्या उपयोगासाठीं टिकविण्याची रीति टॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थानें १८६९ सालींच काढिली आहे, मग एका दुबळ्या बंधूच्या ओंठांस तो वास तरी कां लावावा? आणि सर्वांत अवघड तें हें कीं, त्यानें आपण होऊन सांगितल्यावांचून त्याची गोष्ट साक्ष म्हणून सुद्धां सांगूं नये. बरा झालेला मनुष्य हा आमच्या बोधाचा दाखला नव्हे.

पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. आम्हीं त्या घरीं जाऊन त्या बंधूची व त्याच्या मुलीची क्षमा मागितली. मुलगी कांहीं बोलली नाहीं. आठ-दहा दिवसांनीं त्याचा निरोप आला कीं, पाळकसाहेब सोबत येत असतील तर एकदां पाहूं. आधीं रुग्णालयांत दाखवून, मग एका शनिवारीं आम्ही दोघे खुल्या सभेस गेलों. आम्हीं मागल्या रांगेंत बसून ऐकलें. तेथें काय ऐकलें तें येथें लिहीत नाहीं; तें तेथेंच ठेवून आलों. आपल्याविषयीं एवढेंच सांगतों कीं वीस वर्षें बोध करीत असतां, आपलाच दोष इतक्या सरळपणें सांगतां येतो, हें आम्हीं प्रथम तेथें पाहिलें. आणि परत येतांना बसमध्यें बराच वेळ आमच्या तोंडून शब्द निघाला नाहीं.

तो बंधु तीन सभांत गप्प बसला. चौथ्या सभेंत बोलला, असें त्यानेंच सांगितलें. काय बोलला तें आम्हीं विचारलें नाहीं. शिमग्याच्या दिवसांत तो एकदां प्याला. पण दुसऱ्या दिवशीं तो आपण होऊन आमच्या दाराशीं आला आणि म्हणाला, "काल घेतली. आज पुन्हां पहिला दिवस." तिन्ही शपथांनंतर तो जें करूं शकला नव्हता तें हें. या गोष्टीस आतां सात महिने झाले आहेत. हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्हीं त्यास विचारलें. तो म्हणाला, "लिहा, कोणाच्या उपयोगीं पडेल. नांव नको." ते वडील आतां दर शनिवारीं त्याच्या गोठ्यांतील म्हशीची धार काढतात, म्हणजे त्यास संध्याकाळची बस गांठतां येते. सभेविषयींचें आपलें मत त्यांनीं बदललें कीं नाहीं, तें त्यांनीं सांगितलें नाहीं.

तर मग त्या भगिनीस आमचें उत्तर असें आहे: बाई, त्यास जाऊं द्या. ज्या मनुष्यानें आपणांस एकट्यानें उठतां येत नाहीं असें मान्य केलें, त्यानें विश्वास सोडला नाहीं, गर्व सोडला. देव मदत धाडतो ती ओळखीच्याच दारानें येईल, असें त्यानें कोठें म्हटलें आहे? आणि उपदेशक बंधूंनो, तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर १४४४६ हा आंकडा आजच लिहून ठेवा. ज्या रात्रीं कोणी तुमच्या दाराशीं येईल त्या रात्रीं तो शोधीत बसण्यास वेळ मिळणार नाहीं.